मोठं इंजिन बसवलं, आता स्प्रॉकेट कोणतं?

मोटरसायकलला मोठं इंजिन टाकलं की पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातांचं चाक, एक दात मोठं करायचं, हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. ताकद वाढलीय, मग ओढेल की! कधी कधी ओढतंही. पण बऱ्याचदा टॉप गिअरमध्ये गाडी मरगळते, पाचव्यात जेवढी पळते तेवढीही सहाव्यात पळत नाही, आणि मग सगळे मिळून कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी बारीक भोकं, बदलत बसतात. जेटचा काही दोष नसतो, चुकलेला असतो गुणोत्तराचा हिशेब.

इंजिनाचा वेग चाकापर्यंत पोचताना तीन ठिकाणी कमी होतो. आधी क्रँकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरच्या, लहान गिअरकडून क्लचच्या मोठ्या गिअरकडे, त्याला प्रायमरी म्हणतात. मग गिअरबॉक्समध्ये. शेवटी चेनवर. स्प्रॉकेट म्हणजे फक्त हा तिसरा टप्पा. मोठ्या इंजिनात प्रायमरीचं गुणोत्तर बहुतेक वेळा आधीच कमी ठेवलेलं असतं, म्हणजे ते इंजिन मुळातच 'लांब' असतं, तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे नेतं. त्यावर आणखी मोठं पुढचं स्प्रॉकेट चढवलं की लांबी दोनदा मोजल्यासारखी होते.

दुसरी गोष्ट हवेची. वेग वाढतो तशी हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताकद दुप्पट केली तरी टॉप स्पीड वाढतो तो साधारण २६ टक्क्यांनी. त्यामुळे सीसी किती वाढले यावरून गिअरिंग किती लांब करायचं हे ठरत नाही.

एक उदाहरण आकड्यांत करू. समजा जुनं इंजिन ११ हॉर्सपॉवरचं, ८००० आरपीएमला. प्रायमरी ३.३५, टॉप गिअर ०.९२, स्प्रॉकेट १४/४२, पुढे १४ दात आणि मागे ४२, म्हणजे ३.००. तिन्हींचा गुणाकार ९.२५. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी १.८८ मीटर जाते. तर ८००० आरपीएमला वेग येतो ८००० ÷ ९.२५ × १.८८ × ०.०६, म्हणजे ताशी ९८ किमीच्या आसपास. शेवटचा ०.०६ हा मीटर प्रति मिनिटाचं किमी प्रति तास करण्यासाठी आहे.

नवं इंजिन २० हॉर्सपॉवरचं, ८५०० आरपीएमला. ताकद १.८२ पट झाली, त्याचं घनमूळ १.२२. म्हणून त्याच गाडीत, त्याच बसण्याच्या पद्धतीत, टॉप स्पीड धरायचा ११९ किमी. त्या वेगाला चाक मिनिटाला १०५६ फेरे घेतं. ८५०० भागिले १०५६ म्हणजे एकूण गुणोत्तर ८.०५ हवं. आता या इंजिनाची प्रायमरी २.७० आणि सहावा गिअर ०.९१ असेल तर त्यांचा गुणाकार २.४६, आणि चेनच्या वाट्याला उरतात ३.२८. म्हणजे १४/४६. इंजिन मोठं झालं आणि मागचं स्प्रॉकेटही ४२ वरून ४६ वर गेलं! जुनंच १४/४२ ठेवलं असतं तर ११९ च्या वेगाला इंजिन ७८०० आरपीएमलाच राहिलं असतं, जिथे त्याची पूर्ण ताकद येतच नाही.

प्रत्यक्षात मी १४/४६ ऐवजी १४/४४ सुचवेन. कायम टॉप स्पीडला कोणी चालवत नाही, आणि ८० च्या वेगाला इंजिन ५७३० ऐवजी ५४८० वर आरामात फिरतं. सामान लादून घाट चढायचे असतील तर मात्र ४६ च बरं.

वरच्या टोकाचं झालं की पहिला गिअर तपासा, हे बरेच जण विसरतात. जुन्या इंजिनाचा पहिला गिअर ३.०० असेल तर एकूण ३०.१५, नव्याचा २.७५ धरला तर १४/४४ वर २३.३. आयडलला, म्हणजे १४०० आरपीएमला, क्लच पूर्ण सोडून जुनी गाडी ताशी सव्वापाच किमीने सरकायची, आता पावणेसातने सरकेल. गर्दीत तेवढा जास्त वेळ क्लच अर्धा धरावा लागतो आणि प्लेटा तापतात. टॉर्क वाढलेला असल्याने गाडी उठायला अडचण येत नाही, पण शहरातच चालवायची असेल तर दोन दात मागे वाढवायला हे कारण पुरेसं आहे.

इंजिनाची माहितीपुस्तिका नसेल तर गुणोत्तर काढण्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही. इंजिन टेबलावर ठेवा, प्लग काढा, टॉप गिअर टाका. क्रँकच्या टोकाला असलेल्या मॅग्नेटचं झाकण काढून मॅग्नेटवर आणि केसिंगवर खडूने समोरासमोर खूण करा. आता आउटपुट शाफ्टवरचं स्प्रॉकेट हाताने बरोबर दहा फेरे फिरवा आणि मॅग्नेटचे फेरे मोजा. साडेचोवीस भरले तर प्रायमरी गुणिले टॉप गिअर २.४५. वेगवेगळे आकडे शोधायची गरजच नाही, हिशेबाला हाच गुणाकार लागतो. चाकाचा फेरासुद्धा टायरवरच्या आकड्यावरून काढू नका. हवा नेहमीइतकी भरा, गाडीवर माणूस बसवा, टायरला खडूची रेघ मारून गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवर टेपने मोजा. वजनाखाली टायर दबतो, त्यामुळे कागदावरच्या हिशेबापेक्षा हा आकडा दोन-तीन टक्के कमी येतो.

पुढचा एक दात म्हणजे मागचे साधारण तीन दात, हे सूत्र १४/४२ च्या आसपास बरोबर लागू होतं. म्हणून आधी पुढचं स्प्रॉकेट बदलून अंदाज घ्यावा, ते स्वस्तही पडतं, आणि मागच्याने बारीक जुळवणी करावी. पण पुढे १३ च्या खाली जाऊ नका. लहान स्प्रॉकेटवर चेनची प्रत्येक कडी जास्त कोनात वळते, चेन लवकर वाढते, धक्के जाणवतात, आणि खालची-वरची चेन मागच्या चिमट्यावरच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या) रबराला घासू लागते.

आता चेनचं माप, कारण गोची खरी इथे होते. लहान गाड्यांना ४२८ ची चेन असते, पिच (दोन पिनांतलं अंतर) १२.७ मिमी. मोठ्या इंजिनाच्या शाफ्टवर बहुधा ५२० चं स्प्रॉकेट येतं, पिच १५.८७५ मिमी. पुढे एक आणि मागे दुसरं चालत नाही, हे उघड आहे. त्यामुळे एकतर नव्या इंजिनाच्या स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांना, बसणारं ४२८ चं पुढचं स्प्रॉकेट शोधायचं, नाहीतर जुन्या हबच्या भोकांचं ५२० चं मागचं स्प्रॉकेट बनवून घ्यायचं. वीस हॉर्सपॉवरपर्यंत चांगल्या प्रतीची ४२८ ची चेन पुरते. त्याच्या बरंच पुढे जायचं असेल तर ५२०.

५२० घेताना एक मोजमाप आधी करा. ४६ दातांच्या ४२८ च्या स्प्रॉकेटचा पिच व्यास १८६ मिमी असतो, तेवढ्याच दातांचं ५२० चं स्प्रॉकेट २३३ मिमी होतं. दात तेच, पण व्यास ४७ मिमीने वाढला. चेनकव्हर, चिमट्याची आडवी पट्टी, कधी कधी सायलेन्सरची क्लॅम्प, यातलं काहीतरी हमखास आडवं येतं. पुढेही १४ दातांचं चाक ५७ वरून ७१ मिमी होतं आणि स्प्रॉकेटच्या झाकणाला आतून लागतं.

मागचं स्प्रॉकेट लेथवर बनवून घेताना हबचा मधला व्यास, भोकांचा पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) आणि प्लेटची जाडी द्यावी लागते. चार भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर गुणिले १.४१४ म्हणजे पीसीडी. सहा असतील तर तेच अंतर गुणिले दोन. केंद्र धरणं कठीण जातं, म्हणून भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, आकडा तोच येतो. हबमधले रबर त्याच वेळी बदलून टाका. मोठ्या इंजिनाच्या झटक्याने जुने रबर लवकर चिरडतात आणि मग गिअर टाकताना मागून टकटक येते.

इंजिन चेसिसमध्ये बसवण्याची सुरुवातही चेनलाइनपासूनच, म्हणजे दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणण्यापासूनच करायची, इंजिन धरणाऱ्या फाउंडेशन बोल्टपासून नाही. आतले भाग काढलेलं रिकामं केसिंग मिळालं तर त्याच्यावरच सगळं जुळवा, भरलेलं इंजिन दहादा उचलण्यात कंबर जाते. मागचं चाक सरळ रेषेत लावा, मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला लांब सरळ पट्टी टेकवा आणि ती पुढच्या स्प्रॉकेटपर्यंत न्या. एक मिमीच्या आत जुळलं पाहिजे. न जुळल्यास आख्खं इंजिन डावी-उजवीकडे सरकवा, किंवा मागच्या स्प्रॉकेटखाली जाड रिंग घालून लांब बोल्ट टाका. पुढच्या स्प्रॉकेटमागे वॉशर घालून ते बाहेर आणू नका. ते अर्ध्याच स्प्लाइनवर बसतं आणि शाफ्टचे दात खाऊन टाकतं. शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं आलं.

जागा ठरली की इंजिन चेसिसला धरणाऱ्या प्लेटा आधी पुठ्ठ्याच्या कापा, मग ६ मिमी माइल्ड स्टीलच्या. वेल्डिंगचे छोटे टाके मारा, इंजिन बाहेर काढा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट ओढली जाते, म्हणून भोकं शेवटी रीमरने (भोक घासून मापात आणणाऱ्या हत्याराने) साफ करावीत. बोल्ट ८.८ किंवा त्याहून वरच्या ग्रेडचेच घ्या. सगळे बोल्ट हाताने घालून बघा, एकही हातोड्याने ठोकावा लागत असेल तर प्लेट चुकली आहे. तसंच आवळलं तर काही दिवसांत व्हायब्रेशनने प्लेटीच्या वेल्डजवळ केसासारखी चीर दिसते, किंवा केसिंगचा कानच तुटतो. आठ मिमीचा ८.८ बोल्ट साधारण २५ न्यूटन मीटरला आवळा, दहाचा ५० च्या जवळ.

पुढचा फोर्क पूर्ण दाबून चाक आणि मडगार्ड कुठे येतं तेही पाहा. बेंड पाइप, ऑइल कूलर, रेडिएटरचा पंखा यांना तिथेच मार बसतो. किक पायदानाला लागते का, क्लचची वायर कडक वळण घेते का, गिअर लिव्हर बुटाखाली नीट येतो का, हे वेल्डिंगआधीच बघितलं की पुढचा त्रास टळतो.

वायरिंगमध्ये जास्तीत जास्त गाड्या अडकतात. मॅग्नेटमधून एकसारख्या तीन वायर येत असतील तर चार्जिंग थ्री फेज आहे, जुना सिंगल फेज रेग्युलेटर तिथे चालणार नाही. कोणत्याही दोन वायरांमधला रोध सारखा यावा आणि एकही वायर अर्थला लागलेली नसावी. सीडीआय (प्लगला ठिणगी देणारी पेटी) एसीवरची आहे की बॅटरीवरची, हे न बघता जोडली तर जळते. इंजिन फ्यूल इंजेक्शनचं असेल तर ईसीयू (इंजेक्शन चालवणारा संगणक), वायरिंग, थ्रॉटल बॉडी, पंप, सेन्सर आणि किल्लीत इमोबिलायझर असेल तर लॉकसेटसकट एकाच गाडीचं घ्या. तुकड्यातुकड्याने जमवलेलं इंजेक्शन सहसा रांगेला लागत नाही. गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा टिप-ओव्हर सेन्सर आडवा लावला तर इंजिन सुरूच होत नाही, आणि लोक दिवसभर प्लग बदलत बसतात.

ब्रेकबद्दल थोडक्यात. वेग १.२२ पट झाला तर थांबवायची ऊर्जा दीडपट होते. पुढे ड्रम असेल तर आधी डिस्क, मग इंजिन. नोंदणीच्या कागदांवर इंजिन नंबर आणि सीसी असतात, विमाही त्यावरच चालतो, तेव्हा परवानगीचं काम सुटे भाग जमवायच्या आधी करा.

नव्या स्प्रॉकेटवर चेनचा ताण तपासताना माणूस बसवून शाफ्ट, चिमट्याचा पिन आणि मागचा अॅक्सल एका रेषेत आणा. चेन सर्वांत जास्त ताणली जाते ती तिथेच, आणि तिथेही थोडी ढील राहिली पाहिजे. मागे तीन दात कमी केले तर ४२८ च्या चेनवर अॅक्सल साडेनऊ मिमी मागे जातो. खाचेत तेवढी जागा नसेल तर दोन कड्या कमी कराव्या लागतात, आणि मग तो जवळपास सव्वातीन मिमी पुढे येतो.

स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर काहीच बदलत नाही. सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असेल तर ४२ चं ४४ केल्यावर मीटर जवळपास पाच टक्के जास्त दाखवू लागतो, आणि तोच आकडा बघून मायलेज काढलं तर गाडी उगाच चांगलं अॅव्हरेज देतेय असं वाटतं. जीपीएसवर एकदा पडताळून घ्या.