धावणार मी, मग पैसे तुम्ही का द्यायचे?

येत्या जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये मी पूर्ण 42.195 किलोमीटर धावणार आहे, तेही पहिल्यांदाच. त्या निमित्तानं थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी निधी जमवतेय हे कळल्यापासून ओळखीतले कितीतरी जण विचारतात, "ताई, धावणार तुम्ही, मग पैसे आम्ही का द्यायचे?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही विचारलंत म्हणून मनापासून सांगते.

माझ्या धावण्यानं एकाही मुलाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा तीव्र प्रकार असलेल्या मुलाला साधारण दर 2 ते 4 आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सतत चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठत जातं. ते बाहेर काढायची औषधं रोज घ्यायची, शरीरात लोह किती साठलंय ते सांगणारं रक्तातलं फेरिटिन पुन्हा पुन्हा तपासायचं. शिवाय दवाखान्याच्या दिवशी आईचा नाहीतर बापाचा रोज बुडतो. हा सगळा भार तुमच्या पैशानं हलका होतो. स्पर्धेची फी, बूट, मुंबईचा खर्च माझा मी करते. तुमची देणगी थेट या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती तुमच्या नावानं निघते. मी निमित्त. एरवी कुणाच्या दारात जाऊन "या मुलांसाठी काही द्या" म्हणायचा धीर मला झाला नसता. पण धावणाऱ्या बाईला लोक आपणहून थांबवतात, "कशासाठी एवढं?" म्हणून विचारतात, आणि तेवढ्या वेळात या आजाराबद्दल सांगता येतं.

देणगीच्या यादीत नाव नसलेली माणसंही खूप आहेत. रविवारचा लाँग रन मी नाशिकच्या गंगापूर रोडनं करते, सोमेश्वर मागे टाकून गिरणाऱ्याच्या दिशेला. पुढे द्राक्षबागा लागतात, आणि डिसेंबरच्या पहाटे बोटं आखडतात. जिथे रस्त्यावरचे दिवे संपतात तिथून आमचे हे स्कूटर माझ्या चालीनं चालवत मागून उजेड देतात. डिकीत स्टीलचा डबा असतो: खजूर, गूळ-शेंगदाणे, आणि बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. 30 किलोमीटरच्या आसपास शरीरातला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय एकदम जड होतात, म्हणून भूक लागायच्या आत खावं लागतं. धावण्याच्या नादात मला ते सुचत नाही. हे घड्याळ बघून हॉर्न देतात, मी हात मागे करते, हातावर दोन खजूर पडतात. शेंगदाणे सासूबाई आदल्या रात्रीच भाजून, सालं पाखडून ठेवतात. गुडघे दुखत असतानाही त्या हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत.

त्या रस्त्यावर बाई धावताना दिसली तर कुणी दचकत नाही. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्यपदक आणलं, त्याचा अभिमान या भागात अजून आहे. बागेत छाटणी करणारे एक बाबा मला बघितलं की बांधावरूनच ओरडतात, "ताई, दमानं घ्या, पुढं चढ आहे!" एकदा त्यांनी थांबवून सगळं विचारून घेतलं आणि 101 रुपये हातावर ठेवले. पावतीसाठी नाव विचारलं तर "त्या पोरांच्या नावानं फाडा" म्हणाले.

माझ्या मावसभावानं तर पैसे दिलेच नाहीत. त्यानं लग्न ठरवण्याआधी स्वतःची एचबीए2 तपासणी, म्हणजे आपण थॅलेसेमियाचे वाहक आहोत का हे सांगणारी रक्ताची तपासणी, करून घेतली आणि होणाऱ्या बायकोलाही करायला सांगितली. दोघंही वाहक असतील, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी दोघांकडे या आजाराचा जीन असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर व्हायची शक्यता 25 टक्के असते. त्यानं मला तो रिपोर्ट पाठवला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडले. कितीही मोठी देणगी मला त्या कागदाच्या वरची वाटत नाही.

तेव्हा पैसे द्यायलाच हवेत असं मुळीच नाही. रक्तपेढीत जाऊन रक्त द्या, घरात लग्नाचं कुणी असेल तर तपासणीचा विषय काढा, मला तेवढंच मोलाचं आहे. आणि ज्यांनी देणगी दिलीय पण पावती अजून मिळाली नाही, त्यांनी पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन नंबर मला पाठवा. संस्थेत जाऊन मी स्वतः पावती घेऊन येते.