डॅनिश सोपी, सर्बियन अवघड? मराठी कानाला विचारून पाहा

डेन्मार्कमधल्या ऑर्हूसला येण्याआधी आम्ही काही वर्षं सर्बियात, नोव्ही सादला राहत होतो. त्यामुळे घरून फोन आला की कुणीतरी विचारतंच, "डॅनिश आणि सर्बियन, दोन्हींत अवघड भाषा कुठली गं?" पुस्तकी उत्तर तयार आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवतं. त्यांच्या हिशोबात डॅनिशला साधारण 24 आठवडे लागतात आणि सर्बियनला 44. पण हा हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. मराठी माणसाने तो जसाच्या तसा उचलला तर फसगत ठरलेली.

सर्बियनचं नाव काढलं की आधी सात विभक्त्यांची भीती घालतात. नोव्ही सादमध्ये राहते म्हणायचं तर 'उ नोवोम सादू', तिथून आले म्हणायचं तर 'इझ नोवोग सादा'. वर्गातल्या एका इंग्लिश मुलीचा यावर फार राग होता. शहराचं नाव असं कसं बदलतं, म्हणे. मी काय बोलणार? मी जन्मभर साताऱ्याला जात होते आणि पुण्याहून येत होते. आपलं सामान्यरूप ज्याच्या जिभेवर आहे त्याला नाम वाकतं याचं नवल वाटत नाही, फक्त नवे प्रत्यय पाठ करावे लागतात. (ते बरेच आहेत, हे खरं.)

पुढेही तेच. 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा फरक इंग्रजीत नाही, डॅनिशमध्ये नाही, सर्बियनमध्ये आहे: पुरुष म्हणतो 'इशाओ साम', बाई म्हणते 'इश्ला साम'. आपण 'शहर पाहिलं' म्हणतो, पण 'माणसाला पाहिलं'. सर्बियनमध्येही पुल्लिंगी नाम सजीव असेल तरच कर्माचं रूप बदलतं: 'विदिम ग्राद', पण 'विदिम चोवेका'. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसाला 'वी', जवळच्याला 'ती', म्हणजे तुम्ही आणि तू. संबोधनाची विभक्तीही तिथे जिवंत आहे. शेजारचे आजोबा माझ्या नवऱ्याला जिन्यातून "मकरंदे!" अशी हाक मारायचे. आपलं नाव बाईचं कसं झालं हे त्याला बरेच दिवस कळेना.

उच्चारातही आपलं एक भांडवल आहे. 'चांगला'मधला च आणि 'चहा'मधला च आपण न शिकता वेगळे म्हणतो. सर्बियनमध्ये त्या पहिल्या च साठी वेगळं अक्षर आहे आणि तो आवाज सतत लागतो. हिंदी भाषक मित्रमंडळी तिथे अडखळायची, आम्ही नाही.

आणि लिपी! वुक काराजिच नावाच्या माणसाने जसं बोलाल तसं लिहा, जसं लिहिलंय तसं वाचा, या एका तत्त्वावर सर्बियनची अख्खी सिरिलिक लिपी (रशियनसारखी) घासूनपुसून काढली. जुनी निरुपयोगी अक्षरं टाकली, नवी घातली, 'य'साठी थेट रोमन लिपीतलं अक्षर घेतलं आणि त्यावरून चर्चच्या शिव्याही खाल्ल्या. त्याचा शब्दकोश 1818 साली व्हिएन्नात छापला गेला. सर्बियाने त्याचं लेखन अधिकृतपणे स्वीकारलं ते 1868 मध्ये, तो वारल्यावर चार वर्षांनी. आज 30 आवाज, 30 अक्षरं. आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या छळातून तिथली पोरं सुटली. सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिप्या चालतात. एकाच रस्त्यावर दुकानाची पाटी रोमनमध्ये आणि सरकारी पाटी सिरिलिकमध्ये असते, आणि याचं कुणाला काही वाटत नाही.

परकी नावंसुद्धा ते उच्चाराप्रमाणे लिहितात, आपण देवनागरीत लिहितो तशीच. याचा फायदा मला डेन्मार्कला आल्यावर कळला. एका डॅनिश तत्त्वज्ञाचं नाव आपल्याकडे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत 'किर्केगार्ड' छापतात. सर्बियन पुस्तकात तो 'क्येर्केगोर' असतो, आणि डॅनिश तोंडून ऐकू येणाऱ्या नावाच्या हे कितीतरी जवळ आहे. शेवटचा ड उच्चारत नाहीत, आणि जोडीने लिहिलेला 'आ' हा मुळात 'ऑ' आहे. त्या 'ऑ'साठी डोक्यावर टिकली असलेलं वेगळं अक्षर डॅनिशने 1948 साली घेतलं. आमच्या ऑर्हूसने मात्र 2011 पासून पाटीवर पुन्हा जुने दोन 'आ' लावले. उच्चार काडीचा बदलला नाही.

इथूनच डॅनिशचं दुखणं सुरू होतं. कागदावर ही भाषा इतकी सोपी की संशय यावा. क्रियापद मी, तू, तो, आम्ही सगळ्यांना एकच. नामाला दोनच लिंगं, विभक्त्या जवळपास नाहीतच. पण लिहिलेलं आणि बोललेलं यांची गाठ पडत नाही. कोपनहेगनच्या ज्या भागात विमानतळ आहे त्याचं नाव अक्षरांनुसार 'आमागेर' वाचाल, लोक म्हणतात 'अमा'. अर्धी व्यंजनं गिळलेली, उरलेली मऊ झालेली, आणि स्वर इतके की अक्षरं पुरत नाहीत. त्यावर 'स्ट्यॉड' नावाचा घशातला एक हिसका असतो. तो दिला तर 'कुत्रा', नाही दिला तर 'ती'. 'आई' आणि 'खून' हे शब्दही त्या एका हिसक्यानेच वेगळे होतात. खुद्द डॅनिश बाळांनाही शब्द कळायला शेजारच्या स्वीडिश बाळांपेक्षा उशीर लागतो, असं इथल्याच भाषाभ्यासकांना आढळलंय. हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं.

डॅनिश आकड्यांना मात्र सगळं जग हसतं आणि मला ते आवडतात. पन्नासला 'हाल्व्हत्रेस' म्हणतात. हा मूळ शब्द लांबलचक आहे: अर्धा-तिसरा गुणिले वीस. अर्धा-तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा, अर्थात अडीच. आपला 'अडीच' तरी कुठून आला? संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'मधून, म्हणजे तोच अर्धा-तिसरा! साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा, नव्वद म्हणजे साडेचार विसा. शिवाय पंच्याण्णव म्हणताना आपल्यासारखेच आधी पाच, मग नव्वद. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. इथेही मध्यंतरी पन्नास क्रोनरच्या नोटेवर 'पाच-दहा' अशा अर्थाचा सुटसुटीत शब्द छापून पाहिला. बाजारात लोक 'हाल्व्हत्रेस'च म्हणत राहिले.

घड्याळाचं दोन्हीकडे सारखंच. सर्बियन 'पोला त्री' आणि डॅनिश 'हाल्व त्रे', शब्दशः अर्धे तीन, म्हणजे अडीच वाजले. साडेतीन समजून गेलात तर तास हुकला.

नात्यांचे शब्द ऐकूनही आपल्याला घरच्यासारखं वाटतं, फक्त दोन्हीकडची वाट वेगळी. डॅनिश लोक सरळ जोडशब्दांचा हिशोब मांडतात: आईची आई 'मोरमोर', बापाचा बाप 'फारफार', मामा म्हणजे 'आईभाऊ', मावशी म्हणजे 'आईबहीण'. सर्बियन शब्द मात्र आपल्याच जुन्या घराण्यातले आहेत. सून तिथे 'स्नाहा', आपल्या 'स्नुषा'ची सख्खी. दीर म्हणजे 'देवेर'. जाऊ म्हणजे 'येत्र्वा', आणि आपली 'जाऊ'ही संस्कृत 'यातृ'मधूनच आली आहे. त्यावर तुर्की अंमलातून आलेले 'शेचेर', 'चाय', 'दुचान', 'सांदुक' आहेतच. साखर, चहा, दुकान, संदूक हे वेगळं सांगायला नको.

सर्बियनमध्ये मला रडवलं ते क्रियापदांच्या जोड्यांनी. लिहीत असणं 'पिसाती', लिहून काढणं 'नापिसाती'. कल्पना आपल्या ओळखीची, पण प्रत्येक क्रियापदापुढे कोणता उपसर्ग लागेल याला नियम नाही, पाठांतर आहे. तरी तिथल्या मंडईत दोन वाक्यं नीट बोलले की भाजीवाली "ब्रावो!" म्हणून चार टोमॅटो जास्तीचे टाकायची. इथे मी तयारी करून डॅनिशमध्ये पाव मागते आणि उत्तर अस्खलित इंग्रजीत येतं. त्यात तुसडेपणा नसतो, मदतच करायची असते, पण भाषा शिकायची तर हीच मदत सगळ्यात जास्त आड येते. उपाय एकच सापडलाय: "डॅनिशच बोला, मला शिकायचंय" हे वाक्य आधी घोटून ठेवायचं. सर्बियाला जाणाऱ्याने आधी सिरिलिक शिकून घ्यावी, जाता जाता विमानातही होते. डेन्मार्कला येणाऱ्याने पुस्तक बाजूला ठेवून निघायच्या महिनाभर आधीपासून रोज डॅनिश रेडिओ लावावा, काही कळलं नाही तरी.