"त्याला काही करायचंच नाहीये" असं म्हणण्याआधी

स्टाफरूममध्ये हे वाक्य रोज कानावर पडतं, आणि दरवेळी मला ते खटकतं. मी नववीला गणित शिकवते, निमशहरी गावातली शाळा, वर्ग खच्चून भरलेला, आणि मागच्या बाकांवर अशी पाच-सात पोरं दरवर्षी असतातच ज्यांच्याबद्दल आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं असतं की यांना रसच नाही.

अशा मुलाची वही एकदा निवांत बघा. वर तारीख असते, वार असतो, प्रकरणाचं नाव रंगीत पेनने लिहून खाली पट्टी धरून रेघ मारलेली असते, उदाहरण फळ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं, मग 'उकल' लिहून दोन टिंबं आणि पुढे पान कोरं. ज्याला काहीच करायचं नसतं तो पट्टी धरून रेघ कशाला मारेल हो?

तो अडलेला असतो, आणि बहुतेकदा नववीत नाही तर पाचवीत. त्याला एक छेद दोन अधिक एक छेद तीन करायला सांगा, दोन छेद पाच लिहून मोकळा होतो, वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहूनही कमी आलं हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण हे आकडे कशाचे तरी असतात हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. आणि इकडे आम्ही फळ्यावर करणी आणि बहुपदी चालवतोय.

लोक म्हणतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत ढकलपास केलं म्हणून हे झालं. मला नाही पटत. नापास होऊन तोच धडा त्याच पद्धतीने परत ऐकला असता तर अपूर्णांक आले असते का? वर्षानुवर्षं कळत नाही तेव्हा पोरगं एक गोष्ट मात्र पक्की शिकतं, प्रयत्न करून तोंडावर पडण्यापेक्षा प्रयत्नच न केलेला बरा. टवाळ म्हणवून घेतलेलं चालतं, ढ म्हणवून घेतलेलं नाही चालत. चौदा वर्षाच्या मुलाला, त्यातून वर्गात मुली बसलेल्या असताना, हे किती लागतं ते आपण विसरतो.

माझ्या वर्गातल्या एकाचं सांगते. वडलांचा भाजीचा गाळा, आठवडी बाजारात हा तराजूवर असतो. अर्धा किलो आणि पाव किलो मिळून पाऊण, चाळीस रुपये किलोने तीस झाले, शंभरातून सत्तर परत, सगळं तोंडी आणि गिऱ्हाईकाशी बोलता बोलता. वर्गात तेच छेदात मांडलं की मान खाली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांचं हेच बघितलं, 2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं, बाजारातले अवघड हिशोब बरोबर, शाळेतली साधी गणितं चुकतात. म्हणजे डोकं चालतंय, फक्त दोन्हीकडचं गणित एकच आहे हे कुणी जोडून दिलेलं नाही.

तर मी काय करते. पहिल्यांदा तो कुठे अडलाय ते शोधते, एकट्याला बाजूला घेऊन, सगळ्यांसमोर फळ्याशी उभं करून कधीच नाही. 'असर' म्हणून गावोगावच्या मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी असते, तिच्यात वापरतात तशी साधी उतरंड पुरते, संख्या वाचता येते का, हातच्याची वजाबाकी, मग तीन अंकीला एक अंकीने भागाकार. जिथे थांबला तिथून काम द्यायचं, तेही त्याला नक्की जमेल एवढंच, आणि त्याच दिवशी तपासायचं. दुसऱ्या दिवशी तपासलं तर त्याचा अर्धा जीव गेलेला असतो. मग पाव, अर्धा, पाऊण कागदावर आणायचे, तराजूपासून सुरुवात.

बक्षिसांवर माझा फार भरवसा नाही. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने 1971 मध्ये कॉलेजच्या मुलांना कोडी सोडवायला पैसे दिले आणि पैसे थांबल्यावर त्यांचा कोड्यातला रसही कमी झाला. मोबाइल घेऊन देतो म्हणणाऱ्या पालकांना मी हे आवर्जून सांगते.

आणि काही पोरांचा प्रश्न गणिताचा नसतोच. पहाटे उठून दूध घालायला जातात, झोप नाही, नाहीतर चष्मा लागलेला असतो आणि घरी माहीत नसतं. आधी एवढं विचारून घ्या.

पालक सभेत त्या भाजीवाल्या मुलाचे वडील म्हणाले, "मॅडम, बिनधास्त फटकवा त्याला, आमची काही हरकत नाही." मारणं कायद्याने बंद आहे हे तर आहेच, पण मी त्यांना विचारलं, गाळ्यावरचा हिशोब कोण करतं? "तोच की, माझ्यापेक्षा फास्ट आहे." म्हटलं मग बाजारच्या दिवशी तोच हिशोब त्याला वहीत मांडायला लावा आणि वही माझ्याकडे पाठवा.

वेळ कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे, पोर्शन कुणासाठी थांबत नाही. सध्या परिपाठाच्या आधीची दहा-पंधरा मिनिटं आणि ऑफ तास यावर भागवतेय, सहामाहीनंतर शनिवारचा शेवटचा तास यासाठीच मागून घेणार आहे, मिळाला तर अपूर्णांकांपासून सुरुवात.