नकाशावर बोंबील आहे की डोल जाळं?

बडोद्यात बसून समुद्रातल्या माशांचं मॉडेलिंग कशाला करतेस, असं दांडिया बाजारातल्या आमच्या काकू लोकांपासून सगळे विचारतात. अहो, आपली मही नदी शेवटी खंभातच्या आखातातच जाऊन मिळते, आणि आपल्याकडच्या मराठी घरांत सुके बोंबील काय कमी खातात का? तर माझा मासा बोंबीलच.

काम साधारण असं असतं. मासा जिथे जिथे सापडला त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, ओबिसवर (समुद्री जीवांच्या नोंदींचा जागतिक डेटाबेस) ते फुकट मिळतात, मग तिथल्या पाण्याचं तापमान, खारटपणा, खोली, ऑक्सिजन वगैरेचे लेयर, म्हणजे जागोजागीचे आकडे असलेले नकाशे, लावायचे आणि मॅक्सेंट नावाचं सॉफ्टवेअर (फिलिप्स, अँडरसन आणि शापिरे यांचं, २००६ चा पेपर) तुम्हाला ० ते १ मध्ये सांगतं की असं पाणी अजून कुठे कुठे आहे. मासा नाही बरं का, फक्त त्याला चालेल असं पाणी.

आता बोंबील बघा. जाफराबाद, नवाबंदर, मग खाली डहाणू, वसई, मुंबई, रायगड, सगळीकडे ढिगाने, आणि रत्नागिरीच्या खाली गेलं की जवळजवळ गायब, मग एकदम पूर्व किनाऱ्यावर बंगालकडे परत भरपूर. रत्नागिरी आणि गोव्याच्या पाण्याच्या तापमानात असा काय मोठा फरक असणार? मला वाटतं खरी गोष्ट भरतीत आणि गाळात आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, मुंबईला ४-५, गोव्याला जेमतेम २, आणि हुगळीच्या तोंडाशी परत वाढतो. नेहमीच्या तयार लेयरमध्ये भरती नसतेच! क्लोरोफिल (पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हिरवं द्रव्य) असतं, पण नर्मदा-तापी-महीच्या गाळाने गढूळ झालेल्या पाण्यात सॅटेलाइटला गाळ आणि क्लोरोफिल नीट वेगळं करता येत नाही, त्यामुळे खंभातपुरता तो लेयर मी काढूनच टाकलाय. इनकॉइस ही सरकारी समुद्र-माहिती संस्था मच्छीमारांना रोज सल्ला देतं तो तापमान आणि क्लोरोफिलवरच, आणि खुल्या समुद्रात ते उपयोगी पडतंच, इथला चिखल वेगळा.

पण मला खरी झोप लागू देत नाही ती वेगळीच गोष्ट. बोंबील मुख्यतः डोल जाळ्यात येतो, ते जाळं एका जागी बांधलेलं असतं आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाची ओढ मासा आत आणते, म्हणजे जिथे ओढ नाही तिथे डोल नाही आणि डोल नाही तिथे नोंदही नाही. मग मॉडेल बोंबील शिकतंय की डोल जाळं? म्हणून बॅकग्राउंडचे पॉइंट (ज्या जागांशी मॉडेल बोंबलाच्या जागांची तुलना करतं ते) अख्ख्या समुद्रातून न घेता मांदेली, जवळा, करंदी अशा मुख्यतः डोलीत येणाऱ्या बाकीच्या मालाच्या नोंदींवरून घेतेय. जाळं दोन्हीकडे सारखंच, मग जो फरक उरेल तो बोंबलाचा.

एयूसी (मॉडेल माशाच्या जागा बाकीच्यांपासून किती नीट ओळखतं त्याचे मार्क, १ पैकी) ०.९५ आला की लोक नकाशा छापून मोकळे होतात, ते मला अजिबात पटत नाही. ट्रेनिंगचा पॉइंट आणि टेस्टचा पॉइंट शेजारी-शेजारी असले तर मार्क चांगले पडणारच ना. मी पश्चिम किनाऱ्यावर शिकवून बंगालमध्ये तपासणार आहे, भरतीचा लेयर घालून आणि काढून, दोन्ही.

कुणाकडे डोलीच्या जुन्या नोंदी असतील तर प्लीज कळवा, आणि जाळं लावलं पण बोंबील आलाच नाही अशा नोंदी असतील तर त्या आधी पाठवा, ओबिसवर त्या जवळजवळ मिळतच नाहीत.