लेक ऑफ द वूड्सवर बर्फातली मासेमारी : माझा अनुभव

मिनियापोलिसच्या उपनगरांत राहणाऱ्या आम्हा चार मराठी कुटुंबांनी जानेवारीच्या अखेरीस लेक ऑफ द वूड्सवर बर्फातल्या मासेमारीला जायचे ठरवले, तेव्हा या सगळ्या खटाटोपात गळ टाकणे हेच सर्वांत सोपे काम ठरेल, असे कोणालाच वाटले नव्हते. मिनेसोटा, ऑन्टॅरिओ आणि मॅनिटोबा यांच्या हद्दींवर पसरलेल्या या सरोवराचे क्षेत्रफळ चार हजार चौरस किलोमीटरपेक्षा जास्त आहे. आम्ही उतरलो होतो ते रिसॉर्ट त्याच्या दक्षिण बाजूला, रेनी नदीवरच्या बोडेट गावाजवळ होते.

तयारी परवान्यांपासून सुरू झाली. मोठ्या माणसांना मासेमारीचा परवाना लागतो. मिनेसोटात राहणाऱ्या सोळा वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, मात्र मासे किती ठेवायचे याची मर्यादा त्यांनाही पाळावी लागते. परवाने ऑनलाइन मिळाले. कपड्यांना अधिक वेळ गेला, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि उणे पंचवीस अंशांत ओला कपडा धोकादायक ठरतो, हे घरातल्या प्रत्येकाला पटवून द्यावे लागले. आतून लोकरीचा थर, मध्ये जाड फ्लीस, बाहेर वारा अडवणारे जाकीट आणि एकावर एक मोज्यांचे दोन जोड घालूनही बोटे हलतील एवढे सैल बूट, अशी यादी आम्ही सर्वांना पाठवली. कानटोपीबद्दल मात्र कोणाला सांगावे लागले नाही, तो आपला जुनाच संस्कार आहे.

बर्फ किती भरवशाचा आहे, हा प्रश्न मुलांपेक्षा आयांना अधिक सतावत होता. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या सूचनेप्रमाणे पायी चालण्यासाठी निदान 4 इंच नवा, स्वच्छ बर्फ हवा. बर्फवृष्टीतून तयार झालेला पांढरा बर्फ त्यापेक्षा बराच कमजोर असतो आणि नदीच्या मुखाजवळ प्रवाहामुळे जाडी एकसारखी राहत नाही. आम्ही गेलो तेव्हा बर्फ दोन फुटांच्या पुढे होता. तरीही बर्फ प्रसरण-आकुंचन पावताना त्याला लांबच लांब भेगा पडतात आणि काही ठिकाणी त्याच्या कडा एकमेकींवर चढून उंचवटे तयार होतात, त्यामुळे रिसॉर्टवाले रोज वाट तपासतात आणि मोठ्या भेगांवर पूल टाकतात. बर्फावर स्वतःची गाडी नेता येते हे खरे, पण नवख्यांनी वाट तपासण्याचे काम पैसे देऊन जाणत्यांवर सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हाला गोल खिडक्यांच्या, पट्ट्यांवर चालणाऱ्या बॉम्बार्डिअरमधून नेण्यात आले. क्वेबेकमध्ये 1940च्या दशकात बर्फावरून माणसे नेण्यासाठी बनू लागलेली ही यंत्रे इथे अजून चालू आहेत आणि त्यांचा आवाज त्यांच्या वयाला साजेसाच आहे.

प्रोपेनच्या हीटरने तापवलेल्या दोन फिश हाउसमध्ये, म्हणजे बर्फावर उभ्या केलेल्या मासेमारीच्या झोपड्यांमध्ये, आमची विभागणी झाली. आत शिरताच गाइडने कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि हवा खेळती ठेवणारी झडप दाखवली, ते मला फार आवडले. बर्फातली छिद्रे ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, आधीच पाडलेली होती. त्यांत साचणारा बर्फाचा चुरा झाऱ्याने काढत राहणे एवढेच आमचे काम होते. प्रत्येकाला दोन गळ वापरता येतात. एकावर जिवंत छोटा मासा लावून तो तळापासून थोडा वर तसाच सोडायचा, दुसऱ्यावर सोनेरी जिग (वजन जोडलेला आकडा) आणि आमिष म्हणून गोठवलेला शायनर हा छोटा मासा लावून तो हळूहळू वरखाली करायचा. पाणी तांबूस आणि गढूळसर असल्याने सोनेरी रंग चालतो, असे गाइडचे म्हणणे होते. सुमारे 4 अंशांचे पाणी सर्वांत जड असल्यामुळे ते तळाशी राहते, आणि आम्हाला हवे असलेले मासे त्या तळाजवळच, तीसेक फुटांवर होते.

दुपार जवळजवळ कोरडी गेली. आम्हाला हवा असलेला मासा म्हणजे वॉलआय. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला इतरांपेक्षा चांगले दिसते आणि तो तेव्हाच शिकारीला निघतो. सूर्य कलल्यावर दोन्ही झोपड्यांत एकदम धावपळ उडाली. आता खरी परीक्षा ओळखीची होती. त्या हिवाळ्यात माणशी वॉलआय आणि त्याचा भाऊबंद सॉगर मिळून 6 मासे ठेवता येत होते, त्यांत वॉलआय 4 पेक्षा जास्त नकोत, आणि 19.5 ते 28 इंचांमधला प्रत्येक वॉलआय परत सोडायचा होता. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर वॉलआय, पाठीच्या पहिल्या परावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतील तर सॉगर, हे मुलांनी मोठ्यांच्या आधी आत्मसात केले आणि मोजपट्टीही स्वतःच्याच ताब्यात ठेवली. सर्वांत मोठा वॉलआय अर्थातच मधल्या मापात बसला. फोटोपुरता धरून लगेच सोडून द्यावा लागला.

संध्याकाळी काही मासे मीठ, हळद, तिखट आणि कोकमाचे आगळ लावून रव्यात तळले. वॉलआयचे मांस पांढरे आणि सौम्य असते, त्यामुळे बांगड्याला लावतो तेवढे तिखट त्याला लावू नये. त्या रात्री खाल्लेले मासेही त्या दिवसाच्या मर्यादेतच धरले जातात, म्हणून वहीत प्रत्येकाच्या नावापुढे नोंद ठेवली होती. उरलेल्या फिलेंवर, म्हणजे काटे काढलेल्या तुकड्यांवर, मासा ओळखता यावा यासाठी खवल्यांसह इंचभर कातडी ठेवावी लागते. ती ठेवून, ज्याचे त्याच्या नावाच्या पिशवीत भरून, आम्ही ते डिकीतल्या कूलरमध्ये ठेवले.