मुलाच्या एडीएचडीचे निदान : आमचा अनुभव

अर्धवट राहिलेली वही, बाकावरून सतत उठणे, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देणे, या तक्रारी मुलगा पहिलीत असल्यापासूनच्या होत्या. तो तिसरीत गेल्यावर अमळनेरच्या बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले.

रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांचा विकार, ठरत नाही, हे तिथे नीट उमगले. लक्ष न टिकणे किंवा अतिचंचलता-उतावळेपणा यांपैकी एका गटातली किमान 6 लक्षणे 6 महिने टिकलेली, वयाच्या 12 वर्षांपूर्वीपासूनची आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणूनच केवळ आमच्या सांगण्यावर न विसंबता डॉक्टरांनी वर्गशिक्षिकेसाठी स्वतंत्र प्रश्नावली दिली आणि मुलाचे डोळे व कान तपासून आणायला सांगितले. माझ्या मते साऱ्या कागदांत मोलाची ठरली ती बाईंची प्रश्नावली. तिच्या समासात त्यांनी लिहिले होते की, याचे पाढे तोंडी बिनचूक असतात, पण फळ्यावरची गणिते उतरवताना दुसऱ्या गणितात पहिल्याचे आकडे येतात.

सोबत आलेल्या सासूबाई मध्येच म्हणाल्या, "त्याना बाप बी असाच व्हता." मी अवघडले, डॉक्टरांनी मात्र ते लगेच लिहून घेतले, कारण या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

सहा वर्षांखालील मुलांसाठी आधी पालकांचे प्रशिक्षण सुचवतात. आमचा मुलगा त्याहून मोठा असल्याने प्रशिक्षणाबरोबर मेथिलफेनिडेट ही लक्ष टिकायला मदत करणारी गोळीही सुरू झाली. हे औषध शेड्यूल एक्समधले, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतले असल्याने विक्रीसाठी वेगळा परवाना लागतो आणि चिठ्ठीची एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. आम्हाला ते गावात मिळाले नाही, जळगावहूनच आणावे लागते.

गोळीचा परिणाम काही तासच राहतो, पण तेवढ्या वेळात फळ्यावरचे वहीत उतरू लागले. भूक मात्र मंदावली आणि दुपारचा डबा जसाच्या तसा परत येऊ लागला. त्यावर डॉक्टरांनी गोळी न्याहारीनंतर द्यायला आणि रात्री पोटभर जेवू घालायला सांगितले. उंची, वजन, नाडी व रक्तदाब ते दर भेटीत नोंदवतात. घरी आम्ही एका वेळी एकच सूचना देतो आणि ती पाळली की लगेच कौतुक करतो; हे लिहायला सोपे, संध्याकाळी स्वयंपाकाच्या घाईत फार अवघड. गोळी किती वर्षे घ्यावी लागेल, असे नातेवाईक विचारतात. त्याचा फेरविचार डॉक्टर उन्हाळी सुट्टीत करणार आहेत.