वाळूच्या पेटीतला हिमालय : चौथी नोंद

हिमालय कसा उभा राहतो हे समजून घेण्यासाठी मी वाळूचे प्रयोग करतो आहे. पहिल्या तीन प्रयोगांत मी काचेच्या पेटीतील वाळू स्क्रूने सरकणाऱ्या फळीने रेटत होतो. या वेळी फळी घट्ट बसवून टाकली आणि वाळूखाली अंथरलेला कागद तिच्या तळाशी ठेवलेल्या फटीतून हळूहळू ओढून घेतला. चाळलेल्या कोरड्या वाळूच्या थरांमध्ये खुणेसाठी रांगोळीचे पातळ पट्टे दिले होते. शेवटी पाणी शिंपडून मधोमध काप घेतला, कारण काचेला घासल्यामुळे कडेचे पट्टे नेहमीच वाकतात. कापात आधीसारखीच रचना निघाली: एकावर एक चढलेले तिरपे भ्रंश (थर तुटून सरकल्याच्या रेषा), आणि प्रत्येक नवा भ्रंश जुन्याच्या पुढे. हिमालयातही मुख्य मध्य भ्रंश, त्याच्या दक्षिणेला मुख्य सीमा भ्रंश आणि त्याहून दक्षिणेला सर्वांत तरुण अग्र भ्रंश असाच क्रम आहे.

म्हणजे डोंगराला मागून रेटले, का त्याच्या पायाखालची जमीन ओढून घेतली, हे त्याच्या आकारावरून ओळखता येत नाही. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण भारतीय भूपट्टाच्या (भारताला वाहून नेणाऱ्या खडकाच्या प्रचंड तुकड्याच्या) मागे कोणतीही फळी नाही आणि तरीही तो आशियात घुसतोच आहे.

म्हणून बलांचा हिशेब मांडला. तिबेटची सरासरी उंची ५ किलोमीटर, सामान्य कवचाची (पृथ्वीच्या सर्वांत वरच्या थराची) जाडी ३५ किलोमीटर, कवचाची घनता २८०० आणि त्याखालच्या प्रावरणाची ३३०० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली, तर पठाराला तोलून धरण्यासाठी खाली २८ किलोमीटर खोल मूळ (प्रावरणात रुतलेला कवचाचा भाग) लागते. एकूण जाडी ६८ किलोमीटर येते, आणि भूकंपलहरींवरून तिबेटखाली सुमारे ७० किलोमीटर जाडीचे कवच आढळले आहे, त्यामुळे मांडणीवर विश्वास बसला. एवढे पठार स्वतःच्या वजनाने भोवतालावर दर मीटर रुंदीमागे सुमारे ७ लाख कोटी न्यूटन इतका रेटा देते. याउलट हिंदी महासागरातील मध्यसागरी कटकाचा (नवा समुद्रतळ तयार होणाऱ्या बुडालेल्या पर्वतरांगेचा) रेटा जेमतेम ३ लाख कोटी न्यूटन भरतो, आणि हिमालयाच्या तळाशी असलेल्या भ्रंशाचे घर्षण तर अजून धरलेलेच नाही.

भारताला पुढे ढकलणाऱ्या बलात पडणारी ही तूट मोठी आहे. टक्कर होण्याआधी भारत आणि आशिया यांच्यामधल्या टेथिस महासागराचा तळ आशियाखाली बुडत असताना त्याची ओढ भारताला वर्षाला १५ सेंटिमीटरहून अधिक वेगाने नेत होती, पण भूखंडाचे हलके कवच तसे बुडत नाही. उरली पूर्वेकडे इंडोनेशियाजवळच्या सुंदा गर्तेत (खोल समुद्री खंदकात) बुडणाऱ्या तळाची ओढ आणि प्रावरणाच्या प्रवाहाचा खालून मिळणारा रेटा. २०१२ साली सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ क्षमतेचा भूकंप भूपट्टाच्या सीमेवर नव्हे, तर समुद्रतळाच्या आतच झाला, त्यावरून हा भूपट्ट अखंड दांड्यासारखा बल पोहोचवत नाही हे दिसते; म्हणून सुंदा गर्तेच्या ओढीपेक्षा माझा कल प्रावरणाच्या प्रवाहाकडे आहे.

पुढच्या खेपेस फळीजवळच्या वाळूखाली, पठाराखालच्या मऊ कवचाच्या जागी, काकवीचा थर देणार आहे आणि पूर्वेची काच काढणार आहे. तिबेटमध्ये उत्तर-दक्षिण जाणाऱ्या खचदऱ्या आहेत, म्हणजेच पठार पूर्व-पश्चिम ताणले जात आहे. ढीग पुरेसा उंच झाल्यावर तशाच भेगा पडतात का, ते पाहायचे आहे.